सोयाबीनच्या मळणीचे संध्याकाळचे आणि रात्रीचे फोटो धुरकट, हललेले, ठिपक्याठिपक्यांचे येतात? या क्रमानं तपासा

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत माझ्या दुकानात एकच तक्रार येते. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे, घरची शेतीही आहे. पुण्याला नोकरी करणारं पोरगं दोन दिवसांसाठी गावी येतं, रात्री शेतात हडंबा (मळणी यंत्र) चालू असताना आई-वडिलांचे पन्नास-साठ फोटो काढतं, आणि सकाळी बघावं तर एकही धड नाही. मग माझ्याकडे येऊन विचारतं, 'काका, मोबाईल बदलू का?' कॅमेरावाले विचारतात, दुरुस्तीला कुठं टाकू. अठरा-वीस वर्षं हीच दुरुस्ती करतोय, त्यामुळं खात्रीनं सांगतो: दहातल्या आठ जणांना काहीच विकत घ्यावं लागत नाही.

वर्षभराचं पीक एका रात्रीत पोत्यात भरलं जातं. तो फोटो परत काढता येत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी लक्षण ओळखा

फोटो मोबाईलवर मोठा करून बघा. लहान असताना सगळेच फोटो चांगले दिसतात.

सगळा फोटो दुधाळ दिसतो, ट्रॅक्टरच्या दिव्यातून लांब तिरप्या रेघा निघालेल्या असतात.

रास, कट्टे (पोती), ट्रॅक्टर स्वच्छ. पण माणसं पुसल्यासारखी, हाताच्या जागी नुसता फराटा.

सगळंच दुहेरी. उभा ट्रॅक्टरसुद्धा दोनदा छापल्यासारखा.

अंधारात तरंगणारे पांढरे गोल ठिपके, आणि मागची माणसं काळी.

फोटोभर आडवे काळे-उजळ पट्टे.

गढूळ रंग, वाळू पेरल्यासारखा पोत.

मावळतीच्या फोटोत आभाळ सुंदर आणि माणसाचं तोंड कोळसा. किंवा माणूस दिसतो आणि आभाळ पांढरं फटक.

प्रत्येक फोटोत त्याच जागी एक काळसर डाग.

एका फोटोत यातली दोन-तीन लक्षणं एकत्र असतात. म्हणून मधूनच कुठंतरी सुरुवात करू नका. खालच्या तपासण्या फुकटपासून खर्चिकापर्यंत लावल्यात. एक बदल केला की एक फोटो काढून बघा, मगच पुढची तपासणी. एकदम चार गोष्टी बदलल्या तर दोष कशात होता ते पुढच्या वर्षीही कळणार नाही.

पहिलं काम: काच पुसा

गेल्या हंगामात एक मुलगा आला. आई राशीपाशी बसून सुपानं उफणतेय, मागं ट्रॅक्टरचा उजेड, असा फोटो होता. जागा अचूक निवडली होती, पण आईचा चेहरा धुक्यात हरवलेला. मी मोबाईल उलटा करून ट्यूबलाइटखाली तिरपा धरला. लेन्सच्या काचेवर अंगठ्याचा अख्खा ठसा होता, रेघन् रेघ मोजता यावी इतका स्पष्ट, आणि त्या तेलकट रेघांत पिवळट धूळ चिकटून बसली होती. पुसून दिला. दुसऱ्या रात्री त्यानं त्याच जागेवरून पाठवलेला फोटो आज त्यांच्या घरात भिंतीवर आहे.

दिवसा हा ठसा त्रास देत नाही, कारण उजेड सगळीकडून सारखा येतो. रात्री समोर एकच प्रखर दिवा आणि बाकी काळोख असतो. त्या दिव्याचा उजेड तेलात पसरतो आणि काळोखावर दुधासारखा सांडतो. दिव्यातून निघणाऱ्या तिरप्या रेघा याच ठशाच्या.

पुसताना घाई नको. सोयाबीनच्या शेंगेवर बारीक लव असते. मळणीत ती आणि माती मिळून जी धूळ उडते, ती काचेवर कोरडी घासली तर चरे पडतात. आधी रबरी ब्लोअरनं धूळ उडवा, मग काचेवर हलकी वाफ सोडून धुतलेल्या सुती कापडाच्या कोऱ्या टोकानं पुसा. तोंडाला बांधलेला रुमाल वापरू नका, त्यात घाम आणि तेल दोन्ही असतं.

पुसूनही दुधाळपणा राहिला तर मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटवलेली जादाची काच काढून बघा. शे-दोनशे रुपयांचं ते संरक्षण रात्रीच्या फोटोचं वाटोळं करतं. कॅमेरा असेल तर पुढं लावलेला यूव्ही फिल्टर काढून एक फोटो घ्या. दिव्याची हिरवट प्रतिबिंबं आभाळात तरंगत असतील तर ती बहुधा फिल्टरची असतात. मात्र हडंब्याच्या वाऱ्याच्या दिशेला उभं राहावं लागणार असेल, तर फिल्टर राहू द्या. फिल्टर बदलता येतो, लेन्सची पुढची काच बदलायची तर खिसा रिकामा होतो.

आणि दव. ऑक्टोबरच्या शेवटी रात्र चढली की गवत ओलं लागायला लागतं. गाडीतल्या एसीतून थंडगार कॅमेरा एकदम बाहेर काढला की काचेवर वाफ धरते. पुसली की परत धरते. तेव्हा पुसत बसू नका, कॅमेरा पिशवीत बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं शेतातच राहू द्या.

दुसरं: फ्लॅश बंद करा

पांढरे गोल ठिपके म्हणजे धूळ. दुसरं काही नाही. फ्लॅशचा उजेड अंतर दुप्पट झालं की चौथाई होतो. लेन्सपासून एका फुटावरच्या कणावर जेवढा उजेड पडतो, त्याचा शंभरावा हिस्सा दहा फुटांवरच्या माणसावर पोचतो. कण लखलखतो, माणूस काळा राहतो. शिवाय तो कण फोकसच्या बाहेर असल्यामुळं फुगून गोल दिसतो. फ्लॅशची ताकद वाढवून उपयोग नाही, धूळ तेवढीच आणखी चमकेल.

धूळ वाईट नाही, उजेडाची दिशा वाईट आहे. तोच उजेड बाजूनं किंवा मागून येऊ द्या. ट्रॅक्टरचे दिवे, मोटारसायकलचा दिवा, नाहीतर दुसऱ्याच्या हातातली बॅटरी माणसाच्या तिरक्या मागून लागली की हीच धूळ सोन्यासारखी पेटते आणि माणसाच्या खांद्याला, टोपीला उजेडाची कड येते. रात्रीच्या मळणीचे मला आवडलेले सगळे फोटो असेच निघालेत. दिवा सरळ लेन्समध्ये येत असेल तर दोन पावलं सरकून तो एखाद्या माणसाच्या किंवा बनिमीच्या (रचून ठेवलेल्या पिकाच्या ढिगाच्या) आड घ्या.

फ्लॅश बंद करायचं दुसरं कारण फोटोपेक्षा मोठं आहे. हडंब्यात घास देणाऱ्या (पेंढ्या घालणाऱ्या) गड्याच्या डोळ्यांवर अंधारात फ्लॅश मारला की क्षणभर त्याला काही दिसत नाही, आणि त्या क्षणी त्याचे हात यंत्राच्या तोंडाशी असतात. त्याच्या दिशेनं फ्लॅश मारायचाच नाही.

तिसरं: तुम्ही उभे कुठं आहात

उजेडाची बाजू शोधताना माणूस यंत्राभोवती फिरतो, म्हणून हे इथंच सांगतो. ट्रॅक्टरपासून हडंब्याला जोडलेला पीटीओचा (इंजिनाची ताकद यंत्राला देणारा) शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. कापडाचं टोक त्यात गेलं तर 'थांबव' हा शब्द तोंडातून निघायच्या आत माणूस ओढला जातो. बऱ्याच यंत्रांवर त्या शाफ्टचं झाकण केव्हाच पडून गेलेलं असतं.

एकदा राशीच्या पलीकडून फोटो घ्यायचा म्हणून मी ट्रॅक्टर आणि हडंबा यांच्यामधून चाललो होतो. गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा लोंबत होता. ड्रायव्हरनं मागून कॉलरला धरून मला ओढलं, पट्टा आणि शाफ्टमध्ये दोन बोटांचं अंतर राहिलं होतं. त्या दिवसापासून मळणीच्या शेतात पट्टा गळ्यात घालत नाही, मनगटाला आखूड गुंडाळतो. उपरणं, ओढणी, पदर, सैल बाही सगळं खोचून घ्या. ट्रॅक्टर आणि हडंबा यांच्यामधली जागा आपली नाही. यंत्रापासून दहा-बारा पावलं लांब राहा आणि जवळचं हवं असेल तर झूम वापरा. 'मामा, जरा झाकण काढा, आतलं दिसत नाही' असं कुणालाही म्हणू नका.

खाली बसून फोटो घ्यायचा असेल तर आधी जागेवर बॅटरी मारा. उंदरांमागं घोणस बनिमीच्या बुडाशी येते. कुणाला चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, बांधायचं नाही. माणसाला स्थिर ठेवा, १०८ ला फोन लावा आणि सरकारी दवाखाना गाठा.

आणि वाळलेल्या बनिमीजवळ हॅलोजनचा दिवा टेकवून ठेवू नका. तो इतका तापतो की गुळी (मळणीतला भुसा) पेट घेते. तिथं एलईडीच वापरा.

चौथं: शटरचा वेग

शटरचा वेग म्हणजे एका फोटोसाठी कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो ते. निम्म्याहून जास्त बिघडलेले फोटो इथले असतात. काय हललंय ते आधी ठरवा. माणसं पुसट आणि ट्रॅक्टर स्वच्छ असेल तर कॅमेरा स्थिर होता, माणसं हलली. सगळंच दुहेरी असेल तर तुमचा हात हलला. दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे, आणि लोक नेमकी इथं गल्लत करतात: माणसं हलली तरी ट्रायपॉड विकत घेतात. ट्रायपॉड घास देणाऱ्या माणसाला स्थिर करत नाही.

माणसं हलत असतील तर मोबाईलचा नाइट मोड बंद करा. हा मोड एक-दोन सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ फोटो घेत राहतो आणि सगळे एकत्र जोडतो. राशीसाठी, बनिमीसाठी, चांदण्यासाठी तो उत्तम. पण दोन सेकंदांत पेंढी उचलून हडंब्यात गेलेली असते. प्रो मोड असेल तर तो उघडा आणि शटर स्वतः ठेवा.

माझे आकडे सांगतो, इथून सुरू करून तुमच्या उजेडाप्रमाणं कमी-जास्त करा. राशीपाशी बसलेला, बोलणारा माणूस: १/६० (सेकंदाचा साठावा भाग). कट्टा शिवणारे हात, चहा ओतणं: १/१२५. पेंढ्या उचलून घास देणं: १/२५०. हडंब्याच्या तोंडातून उडणारी गुळी कण न् कण थांबवायची असेल तर १/१०००ही कमी पडतो, पण ती थांबवूच नये असं माझं मत आहे. १/३० वर गुळीची सोनेरी धार होते आणि यंत्राचा वेग डोळ्यांना दिसतो.

ट्रॅक्टरच्या दिव्यात दहा-पंधरा फुटांवर माणूस असेल तर अॅपर्चर (लेन्सचं उघडं तोंड, आकडा लहान तेवढा उजेड जास्त) २.८, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० आणि शटर १/१२५, एवढ्यावर बहुधा काम भागतं. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या लेन्सचं अॅपर्चर ३.५ पासून सुरू होतं आणि झूम केलं की ५.६ वर जातं, म्हणजे उजेड आणखी निम्म्याहून कमी. म्हणून रात्री झूम मागं घ्या. झूमनं मिटवायचं अंतर शक्य तिथं पायांनी मिटवा, पण यंत्राच्या दिशेनं नाही.

आयएसओ वाढवायला लोक घाबरतात, कारण फोटो दाणेदार होतो. दाणेदार फोटोत आईचा चेहरा ओळखू येतो. हललेल्यात येत नाही. आधी शटर हवं तेवढं ठेवा, मग आयएसओ जाईल तिथं जाऊ द्या.

पाचवं: टेकू

हात हलत असेल तर उपाय शेतातच पडलाय. एका छोट्या कापडी पिशवीत दोन किलो सोयाबीन भरा, पण गच्च नको, निम्मी-पाऊण. तोंड शिवून घ्या. कट्ट्यावर, बांधावर, विहिरीच्या कठड्यावर ही पिशवी ठेवून तिच्यात कॅमेरा नाहीतर मोबाईल दाबून बसवा. दाणे सरकून बरोबर त्याचा आकार घेतात. शटरचं बटण दाबताना बसणारा हिसका चुकवायला दोन सेकंदांचा टायमर लावा.

पण टेकू चालू ट्रॅक्टरचा, ट्रॉलीचा किंवा हडंब्याचा घेऊ नका. नांगरटीच्या मऊ जमिनीत ट्रायपॉडचा पाय रुततो आणि यंत्राजवळ जमीनसुद्धा थरथरते, हाताला कळत नाही तरी फोटोत दिसते. पंधरा-वीस पावलं मागं गेलं की थरथर विरते. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा. काही जुन्या लेन्स स्थिर असतानाही हालचाल शोधत राहतात आणि स्वतःच फोटो हलवतात.

सहावं: फोकस

माणूस अंधुक आणि मागचा ट्रॅक्टर किंवा पुढची धूळ स्पष्ट असेल तर हा दोष फोकसचा. कॅमेरा फोकस शोधतो तो उजेड-अंधाराच्या कडेवर. अंधारात काळ्या शर्टवर त्याला कड सापडत नाही, मग तो मागं-पुढं करत बसतो आणि उडत्या गुळीला पकडतो. माणसाच्या कॉलरवर, टोपीच्या काठावर, कट्ट्यावर छापलेल्या अक्षरांवर दोन सेकंद बॅटरी मारून घ्या. फोकस बसला की तो तिथंच लॉक करा: मोबाईलवर बोट दाबून धरून, कॅमेऱ्यात मॅन्युअलला टाकून. बॅटरी बंद, मग फोटो. तुम्ही किंवा माणूस चार पावलं सरकला की परत तेच करायचं.

सातवं: उजेडाचं माप

काळ्याकुट्ट शेतात मोबाईलची किंवा कॅमेऱ्याची स्क्रीन फार उजळ वाटते. फोटो बरा दिसतोय म्हणून तुम्ही पुढं जाता, आणि सकाळी तोच काळा निघतो. मग संगणकावर उजळवायला गेलं की वाळू पेरल्यासारखा होतो, सावल्या जांभळट-गढूळ होतात. म्हणून रात्री स्क्रीनचा उजळपणा कमी करून ठेवा आणि कॅमेऱ्यात हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, डावीकडं काळं, उजवीकडं उजळ) बघा. सगळा डोंगर डाव्या भिंतीला चिकटला असेल तर फोटो काळा आहे, स्क्रीन काहीही म्हणो. रॉ फाइल (कॅमेऱ्यानं टिपलेली, प्रक्रिया न केलेली) ठेवता येत असेल तर ठेवा, जेपेगपेक्षा तिच्यातून सावली बरीच वर काढता येते.

मावळतीचं दुखणं वेगळं. आमच्याकडं ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबर उजाडेपर्यंत दहा-बारा मिनिटं आधीच. सूर्य डोक्यामागं घेऊन माणूस उभा केला तर कॅमेरा दोघांपैकी एकालाच सांभाळू शकतो. स्वस्त उपाय असा: माणसापासून पाच-सहा फुटांवर, फोटोत येणार नाही असं, एखादं धुतलेलं पांढरं धोतर किंवा चादर दोघांनी ताणून धरायची. मावळतीचा उजेड त्यावरून परतून चेहऱ्यावर येतो. लग्नाच्या कामात वापरतो ते चंदेरी रिफ्लेक्टर मी शेतात नेत नाही. चेहऱ्यावर झगझगीत पट्टा येतो आणि माणूस डोळे बारीक करतो.

व्हाइट बॅलन्स (रंग सावरण्याची सोय) ऑटोवर असेल तर कॅमेरा मावळतीचा भगवा रंग ही चूक समजून धुऊन काढतो. डेलाइटवर किंवा ५५०० केल्विनवर ठेवा, तांबूसपणा राहतो.

सगळ्यात चांगली वेळ सूर्य बुडाल्यानंतर दहा ते वीस मिनिटं. आभाळात अजून निळा उजेड असतो आणि ट्रॅक्टरचे दिवे लागलेले असतात, दोन्ही साधारण सारख्या ताकदीचे. अॅपर्चर २.८, आयएसओ ८००, शटर १/६० च्या आसपास. लोक नेमके याच वेळी 'सूर्य गेला, संपलं' म्हणून कॅमेरा पिशवीत घालतात. पाव तासाचा खेळ आहे, आभाळ काळं झालं की हा समतोल गेला. पौर्णिमेच्या आसपास आणखी एक गोष्ट साधते: कोजागरीला चंद्र साधारण सूर्य मावळतानाच उगवतो, त्यामुळं निळ्या आभाळात चंद्र आणि खाली चालू मळणी एका फोटोत येते. पुढच्या रात्रींना तो पाऊण-एक तासानं उशिरा येतो आणि तोवर आभाळ काळं झालेलं असतं. मग चंद्र फोटोत नुसता पांढरा भोपळा होतो, कारण त्याच्यावर लख्ख ऊन पडलेलं असतं आणि रास अंधारात असते.

डीएसएलआरच्या (आरशाच्या कॅमेऱ्याच्या) डोळा लावायच्या भिंगातून, त्यातही मोठ्या झूमनं, सूर्याकडं बघू नका. क्षितिजाला टेकेपर्यंत तो डोळा जाळू शकतो. मागच्या स्क्रीनवर बघून फोटो घ्या.

आठवं: आडवे पट्टे

विहिरीच्या मोटारीच्या लाइनवरून ओढलेला एलईडी बल्ब डोळ्यांना अखंड जळताना दिसतो, पण आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं बल्बचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/२५० ठेवलं की सेन्सरच्या (उजेड टिपणाऱ्या चिपच्या) काही ओळींना उजेड मिळतो, काहींना नाही, आणि पट्टे उठतात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणा, बहुतेक पट्टे जातात. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची सोय असेल तर ती चालू करा. ट्रॅक्टरचे जुने हॅलोजन बॅटरीवर चालतात, त्यांचे पट्टे येत नाहीत. नव्या एलईडी पट्टीचे मात्र येऊ शकतात, तिथं वेग बदलून बदलून बघणं हाच मार्ग. घास देणाऱ्या गड्याला १/२५० हवा आणि पट्टे मात्र १/१०० ला जातात, अशी ओढाताण झाली तर बल्ब बंद करून ट्रॅक्टरच्या दिव्यावर काम करा.

नववं: तोच डाग, त्याच जागी

इथपासून हात जपून लावायचा. दिवसा निरभ्र आभाळाचा एक फोटो अॅपर्चर १६ वर घ्या. लेन्स काढता येणारी असेल तर दुसरी लावून परत घ्या. डाग लेन्सबरोबर गेला तर तो लेन्सचा. तिथंच राहिला तर सेन्सरवर धूळ बसली आहे. कॅमेऱ्याच्या मेनूत सेन्सर क्लीनिंग असतं, ते आधी चालवा. नाही गेला तर घरात, पंखा बंद करून, मेनूतूनच आरसा वर घेऊन, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून रबरी ब्लोअरनं तीन-चार दाब. तोंडानं फुंकायचं नाही, दुकानातला दाबाच्या हवेचा डबा मारायचा नाही, कापूस तर मुळीच नाही. डाग पडू नये यासाठी एवढंच पाळा: मळणीच्या शेतात लेन्स बदलायची नाही. बदलावीच लागली तर चारचाकीत बसून, काचा वर करून.

इथं थांबा आणि कारागिराकडं जा

ब्लोअरनंही सेन्सरचा डाग गेला नाही तर थांबा. ओल्या काडीनं सेन्सर पुसायचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण सोयाबीनच्या धुळीत मातीचे कण असतात, आणि एक कण घासला गेला की सेन्सर बदलण्याचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या घरात जातो.

काच बाहेरून लख्ख आहे, फिल्टर काढलाय, तरी दिव्याभोवती वलय येतंय आणि रंग फिके पडतायत, तर लेन्सच्या एका बाजूनं बॅटरी मारून दुसऱ्या बाजूनं तिरकं बघा. आत कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. पावसाळ्याचे चार महिने कॅमेरा बंद पेटीत राहिला की ती धरते. माझी स्वतःची एक लेन्स मी अशीच घालवली. एका दुरुस्तीवाल्यानं ती उघडली, बुरशी पुसली, पण आतली काच परत बसवताना मध्य सरकला, आणि तेव्हापासून फोटोची डावी बाजू कायम मऊ (अस्पष्ट) येते. म्हणून लेन्स उघडणाऱ्याला आधी विचारा की बसवल्यावर तपासून देणार का आणि कशावर तपासणार. स्वतः तर स्क्रूला हातही लावू नका.

मोबाईलचा फोटो दिवसाही थरथरता येतोय, कॅमेरा चालू केला की आतून घरघर ऐकू येते, स्क्रीनवरचं चित्र पाण्यासारखं डुलतंय: हा स्टॅबिलायझेशनचा बिघाड. मोटारसायकलच्या हँडलला किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटला मोबाईल बांधून फिरणाऱ्यांत मला तो जास्त दिसतो. मोटारसायकलच्या इंजिनाच्या जोरदार थरथरीनं आयफोनचं स्टॅबिलायझेशन आणि फोकस बिघडू शकतो, असं अॅपलनं २०२१ मध्ये स्वतः सांगितलं होतं. यावर घरगुती उपाय नाही, कॅमेऱ्याचा भाग बदलावा लागतो. अधिकृत केंद्रातूनच बदला.

कॅमेऱ्यात पाणी गेलं असेल तर बॅटरी आणि कार्ड काढा, परत चालू करून बघू नका, आणि त्याच दिवशी घेऊन जा. तांदळाच्या डब्यात ठेवण्यात वेळ घालवू नका, तांदूळ आतलं पाणी ओढत नाही.

दुरुस्तीला देताना 'फोटो नीट येत नाही' एवढंच सांगू नका. तीन फोटो सोबत न्या: आभाळाचा अॅपर्चर १६ वरचा, अंधारात एका दिव्याचा, आणि पिशवीवर टेकवून, टायमर लावून घेतलेला छापील वर्तमानपत्राचा. पहिल्यात सेन्सर कळतो, दुसऱ्यात बुरशी आणि चरे, तिसऱ्यात फोकस. एवढ्यावर चांगला कारागीर यंत्र न उघडता सांगतो की काम कितीचं आहे. आणि हे तीन फोटो दसऱ्याला नाही, पोळ्याला काढा. तेव्हा शेंगा भरत असतात, काढणीला महिना-दीड महिना असतो, आणि लातूरला किंवा पुण्याला पाठवलेला कॅमेरा हडंबा शेतात यायच्या आत परत हातात पडतो.